मदत हवी आहे: ४५ अंशाला सगळं बरोबर, बाकी दिशा चुकतात (गॅझेबो, युनिटी आणि कंपासचा घोळ)

नमस्कार मंडळी,

तीन दिवस डोकं आपटून झालं, आता इथे विचारतो. एक ड्रोन आहे, सिम्युलेशनमधलाच. एका फाईलमध्ये वेपॉइंट्स (वाटेतले ठरलेले बिंदू) लिहिलेत, प्रत्येकापुढे किती मीटर पूर्वेला, किती मीटर उत्तरेला आणि तिथे नाक कुठे पाहिजे ते हेडिंग. हेडिंग कंपाससारखं, म्हणजे उत्तर ०, पूर्व ९०, दक्षिण १८०, पश्चिम २७०. हीच फाईल दोन ठिकाणी वाचली जाते, उडण्याचं फिजिक्स गॅझेबो या रोबोट सिम्युलेटरमध्ये आणि लोकांना दाखवायला युनिटी या गेम इंजिनमध्ये जरा बरा दिसणारा सीन. पोझिशन दोन्हीकडे व्यवस्थित येते, हेडिंगने मात्र वाट लावलीय.

युनिटीत आकडा जसाच्या तसा वाय अक्षाच्या रोटेशनमध्ये टाकला, पहिल्या फटक्यात चाललं. तोच आकडा रेडियन करून (हो, रेडियन केलंय, ते पहिल्याच दिवशी भोगून झालं) गॅझेबोत यॉ (उभ्या अक्षाभोवती फिरण्याचा कोन) म्हणून दिला. सध्या ड्रोनच्या जागी नुसता एक खोका आहे, पुढच्या बाजूला लाल पट्टी. टेस्टला ४५ दिलं तर लाल पट्टी बरोब्बर ईशान्येला. खात्री म्हणून २२५ दिलं, नैर्ऋत्येला. म्हटलं जमलं, आणि पुढचं सगळं कोड त्यावर लिहून मोकळा झालो.

मग ० दिलं तर खोका पूर्वेला बघतोय! ९० दिलं तर उत्तरेला. आधी वाटलं मॅग्नेटिक डेक्लिनेशनचं (होकायंत्राची उत्तर आणि खरी उत्तर यांतल्या फरकाचं) काहीतरी असेल, पण त्याने असा ९० चा फरक कसा पडेल. मग सरळ ९० मिळवले, तर उत्तर आणि दक्षिण बरोबर आले आणि पूर्व-पश्चिमेची अदलाबदल झाली. ९० वजा केले तर उत्तर मागितल्यावर दक्षिण. आता एकच राहिलंय, प्रत्येक दिशेसाठी वेगळा इफ लिहायचा, पण ते करताना स्वतःचीच लाज वाटेल. नक्की कुठे चुकतोय?

प्रतिसाद:

तुमची खरी फसवणूक त्या ४५ ने केली. गॅझेबोत एक्स म्हणजे पूर्व, वाय म्हणजे उत्तर, झेड वर. यॉ शून्य म्हणजे पूर्व, आणि तो वाढतो उत्तरेकडे, म्हणजे वरून बघितलं तर घड्याळाच्या उलट. कंपास उत्तरेपासून सुरू होतो आणि घड्याळासारखा फिरतो. थोडक्यात कंपास प्रदक्षिणा घालतो आणि गणितातला कोन उलटी प्रदक्षिणा, सुरुवातही वेगळ्या दारातून. दोघं वर्तुळावर दोनच ठिकाणी एकमेकांना भेटतात, ४५ आणि २२५. तुम्ही नेमके तेच दोन आकडे टेस्टला घेतले, कमाल आहे :)

मिळवण्या-वजा करण्याने फक्त शून्याची जागा सरकते, फिरायची दिशा बदलत नाही. म्हणून उत्तर-दक्षिण जागेवर आले आणि पूर्व-पश्चिम आरशातल्यासारखे उलटे राहिले. हेडिंगचंच चिन्ह उलटं पाहिजे: यॉ = ९० वजा हेडिंग. ० चा ९०, ९० चा ०, १८० चा उणे ९०. आणि आलेला कोन उणे १८० ते १८० मध्ये आणून ठेवा, नाहीतर ३५० चं उणे २६० होतं (खरं तर ते १०० आहे) आणि पुढे कुठे दोन कोनांची वजाबाकी केलीत की ड्रोन लांबच्या बाजूने गिरकी घेतो.

प्रतिसाद:

वरच्याला दुजोरा. युनिटीत का चाललं तेही लिहितो, कारण तेच जास्त गोंधळात टाकतं. युनिटी डावखुरी आहे, वाय वर, झेड पुढे. तुम्ही झेडला उत्तर आणि एक्सला पूर्व धरलं असणार. तिथे वाय भोवतीचं पॉझिटिव्ह रोटेशन वरून बघताना घड्याळाच्या दिशेने जातं, म्हणजे आयताच कंपास मिळाला. विश्वास नसेल तर हात वापरा: उजवा अंगठा वर करा, बोटं वळतात ती गॅझेबोची दिशा. डावा अंगठा वर केला की युनिटीची. ऑफिसात लोक बघतात पण इलाज नाही.

पुढे पीएक्सफोर (ड्रोनचं ऑटोपायलट सॉफ्टवेअर) लावणार असाल तर आत्ताच तयारी ठेवा, तिथे आतलं सगळं उत्तर-पूर्व-खाली या क्रमात असतं आणि मॅव्हरॉस (पीएक्सफोरला रॉस या रोबोट सॉफ्टवेअरशी जोडणारा दुवा) ते पूर्व-उत्तर-वर करून देतो. त्यामुळे एकच ड्रोन उत्तरेला बघत असताना ग्राउंड स्टेशनवर ० दिसतं आणि मॅव्हरॉसच्या पोझमधून (जागा आणि दिशा) काढलेला यॉ ९० येतो. दोन्ही बरोबर असतात. आम्ही यात एक अख्खा आठवडा घालवलाय, सेन्सर बिघडला म्हणून.

अजून एक, दोन वेपॉइंटमधली दिशा काढताना एटॅनटूला (दोन फरकांवरून कोन काढणारं फंक्शन) आधी उत्तरेचा फरक आणि मग पूर्वेचा दिला तर गणितातला कोन मिळतो, उलट क्रमाने दिला तर कंपासचा. व्हेरिएबलला नुसतं अँगल नाव देऊ नका, कंपासडिग्री आणि यॉरेडियन अशी नावं ठेवा आणि रूपांतर एकाच फंक्शनमध्ये.

धागाकर्ता:

अरे देवा, ४५! दोघांचेही आभार, ९० वजा हेडिंग केलं आणि चारही दिशा जागेवर आल्या. सगळे जुने अधिक-उणे ९० शोधून काढून टाकले, सहा ठिकाणी निघाले, त्यातले दोन एकमेकांना रद्द करत होते.

पण आनंद अर्धा तासच टिकला. खोका काढून हौसेने ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमधून बनवलेला ड्रोनचा मेश (थ्रीडी आकार) लावला आणि आता उत्तर मागितली तर परत पूर्वेला तोंड. सूत्र चुकलं का?

प्रतिसाद:

घाई नको, सूत्राला हात लावू नका. १८० आणि २७० देऊन बघा. प्रत्येक वेळी नाक तेवढंच, ९० अंश उजवीकडे राहतंय का? फरक कायम तोच असेल तर दोष मेशचा, हेडिंगनुसार फरक बदलत असेल तर चिन्हाचा.

धागाकर्ता:

हो, कायम ९० उजवीकडेच. पण उडतो बरोबर, उत्तरेला सरकतोय खेकड्यासारखा.

प्रतिसाद:

मग झालंच. ब्लेंडरमध्ये मॉडेलचा पुढचा भाग बहुतेक वेळा उणे वायकडे ठेवतात, गॅझेबो-रॉसमध्ये पुढे म्हणजे अधिक एक्स. मॉडेलच्या व्हिज्युअलच्या पोझमध्ये यॉ १.५७०८ (रेडियनमध्ये ९० अंश) द्या, फक्त व्हिज्युअलला (दिसणाऱ्या आकाराला), लिंकला (ज्यावर सेन्सर बसतात त्या मूळ भागाला) नाही. लिंक फिरवलीत तर सेन्सरसुद्धा फिरतील आणि मग तुम्ही आणखी एक धागा काढाल.

धागाकर्ता:

झालं! आता शेवटचा प्रश्न, मग त्रास देत नाही. वारा २७० अंश, ५ मीटर प्रति सेकंद द्यायचाय. यालाही तेच ९० वजा?

प्रतिसाद:

नाही, इथे अजून एक पाचर आहे. वाऱ्याचा २७० म्हणजे तो येतो कुठून ते. भूगोलात पश्चिमी वारे शिकलो ना, ते पश्चिमेकडून येणारे. गॅझेबोला मात्र हवा कुठे चाललीय तो वेग पाहिजे. म्हणून एक्स = उणे वेग गुणिले साइन, वाय = उणे वेग गुणिले कोसाइन, कोन कंपासचाच ठेवायचा. तुमच्या आकड्यांना एक्स ५, वाय ०. आणि टेस्ट कृपया ४५ ने करू नका.

धागाकर्ता:

१० ने केली. एक्स उणे ०.८७, वाय उणे ४.९२, खोका परत लावून सोडला तर दक्षिणेला आणि किंचित पश्चिमेला ढकलला जातोय. बरोबर ना?

प्रतिसाद:

बरोबर.