जखम त्याच दिवशी शिवावी की उघडी ठेवावी? (चर्चा)

चर्चेचा धागा : शल्यचिकित्सक, जळगाव जिल्हा

गेल्या महिन्यात यावलकडचा एक मजूर माझ्याकडे आला. केळीचा घड उतरवताना विळा निसटून त्याच्या पोटरीला लागला होता आणि त्याच दिवशी एका दवाखान्यात सात टाके घालून त्याला घरी पाठवले होते. पाचव्या दिवशी मी पाहिले तेव्हा टाक्यांमधली कातडी फुगून चकाकत होती. मधले दोन टाके कापताच पू आला आणि त्याबरोबर बोटाच्या पेराएवढा केळीच्या खोडाचा तंतू बाहेर पडला. टाके मात्र देखणे होते : अंतर सारखे, गाठी एका रेषेत.

आपण नव्या डॉक्टरांना टाका शिकवतो, जखम धुवायला शिकवत नाही, असे माझे म्हणणे आहे. जखमेच्या लांबीच्या दर सेंटिमीटरमागे ५० ते १०० मिलिलीटर सलाइन लागते, आणि तेही वरून ओतून भागत नाही, सिरिंजने जोर देऊन मारावे लागते; म्हणजे सहा सेंटिमीटरच्या जखमेला अर्ध्या लिटरची बाटली सहज संपते. माती-शेणाने भरलेली जखम धुऊन, मेलेला भाग काढून, ओलसर गॉज भरून ठेवावी आणि चौथ्या-पाचव्या दिवशी ती स्वच्छ दिसली तरच शिवावी. प्राथमिक आरोग्य केंद्रात शंका असेल तेव्हा टाके घालूच नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

उत्तर : वैद्यकीय अधिकारी, धडगाव परिसर

सर, त्या मजुराच्या बाबतीत आपले बरोबर आहे, परंतु त्यावरून काढलेला नियम मला मान्य नाही. आमच्याकडे पाड्यावरून माणूस जीपने येतो तेव्हा संध्याकाळ झालेली असते. त्याला "चौथ्या दिवशी या" असे सांगणे म्हणजे "येऊ नका" असे सांगण्यासारखेच आहे, कारण चौथ्या दिवशी तो ऊसतोडीसाठी गुजरातेत पोचलेला असतो किंवा होळीच्या आधीचा काळ असेल तर आदिवासींच्या भोंगऱ्या बाजारात असतो. उघडी ठेवलेली जखम मग तो हळद भरून, फडके बांधून महिनाभर वागवतो. पुवाचा धोका आपण मोजता, तसा न येणाऱ्या रुग्णाचा धोकाही मोजला पाहिजे.

शिवाय लोकांच्या लेखी उपचार म्हणजे टाके. बाहेर पडल्यावर पहिला प्रश्न येतो, "कितला टाका पडनात?" (किती टाके पडले?) शून्य असे उत्तर असेल, तर डॉक्टरने काही केलेच नाही असे गावभर होते. यासाठी शास्त्र मोडावे असे मी म्हणत नाही. पण "शंका असेल तर घालूच नका" हा नियम एकदा रूढ झाला, की ज्याचा हात आधीच कच्चा आहे त्याला प्रत्येक जखमेबाबत शंका येऊ लागेल, साधी कपाळाची खोकसुद्धा तो धुळ्याला पाठवील.

उत्तर : निवृत्त अध्यापक, शल्यचिकित्सा, धुळे

दोघांच्याही म्हणण्याच्या मुळाशी कच्चा हात आहे, म्हणून थोडे हाताविषयी लिहितो. एमबीबीएसच्या २०१९ पासूनच्या अभ्यासक्रमात टाके घालणे कौशल्य-प्रयोगशाळेत करून दाखवावे लागते, ही चांगली गोष्ट आहे. परंतु सिलिकॉनच्या गादीला रक्त येत नाही आणि ती पाय ओढून घेत नाही. सुश्रुताने शिवण्याचा सराव बारीक, घट्ट विणीच्या कापडावर आणि मऊ चामड्यावर करायला सांगितले होते. मी विद्यार्थ्यांना केळीची साल देत असे; ती या जिल्ह्यांत फुकट मिळते आणि चूक लगेच दाखवते. सुई तिरपी घुसवली किंवा मनगट न वळवता सरळ ओढली, की साल फाटते. सुई कातडीत काटकोनात शिरली आणि आपल्याच वळणाने बाहेर आली, तर जखमेच्या कडा किंचित वर उचललेल्या राहतात, आणि तशाच त्या हव्यात. गाठ आवळताना कातडी पांढरी पडली तर ती सोडून पुन्हा मारावी, कारण दुसऱ्या दिवशी सूज येऊन तोच टाका आणखी घट्ट होतो.

एक गोष्ट मात्र कोणीच लिहिली नाही. भूल देण्याआधी बोटे हलवून आणि स्पर्श विचारून पाहा. मनगटावर विळा लागलेल्या बाईची कातडी सुरेख शिवली आणि आतली कंडरा (स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी) तुटलेलीच राहिली, हे मी एकापेक्षा अधिक वेळा पाहिले आहे.

उत्तर : खासगी व्यावसायिक, शिरपूर

चर्चा पायापुरती चालली आहे. चेहऱ्याला रक्तपुरवठा भरपूर असतो, त्यामुळे तिथली जखम नीट धुऊन दुसऱ्या दिवशीही शिवता येते. सहा तास उलटलेली जखम शिवू नये, हा जुना नियम तिथे लावू नये. पण धागा ६-० चा (केसासारखा बारीक) हवा आणि टाके पाचव्या दिवसापर्यंत निघाले पाहिजेत. कपाटात ३-० नायलॉन (त्याहून बरेच जाड) एवढेच असेल, तर गालावर टाक्यांच्या वणांची शिडी उमटणारच, आणि त्याला हात कच्चा म्हणणे अन्याय आहे. कुत्र्याच्या चाव्याबद्दल वाद नसावा : साबणाने पंधरा मिनिटे धुणे, इम्युनोग्लोब्युलिन (रेबीजविरोधी तयार प्रतिपिंडे) जखमेत भरणे, आणि टाके शक्यतो नाहीतच.

धागाकर्ता (शल्यचिकित्सक, जळगाव जिल्हा)

कपाळाच्या खोकेचा मुद्दा मान्य आहे. "शंका" हा शब्द मी सैल वापरला. त्याऐवजी "माती, शेण, चावा किंवा चिरडलेली कातडी" असे वाचावे. परंतु रुग्ण परत येणार नाही म्हणून घाण आत कोंडावी, हे मला अजूनही पटत नाही. तो परतणार नसेल, तर आत कोंडलेला पू घेऊनच तो उसाच्या फडात उभा राहील, आणि तिथे टाके कापायला कोण आहे? मधला मार्ग सुचवतो : पहिल्याच दिवशी, भूल दिलेली असतानाच, धागे ओवून ठेवावेत आणि गाठी मारू नयेत. चौथ्या दिवशी कोणत्याही आरोग्य केंद्रात, पुन्हा सुई न टोचता, फक्त गाठी मारता येतात.

वैद्यकीय अधिकारी, धडगाव परिसर

सर, कल्पना चांगली आहे, पण मोकळे धागे लोंबताना पाहून घरचे ते ओढून काढतील, ही भीती आहे. परवा कुऱ्हाड लागलेल्या एका नडगीला तसे करून वर जाड पट्टी बांधली आहे आणि चौथ्या दिवशी जवळच्या उपकेंद्रात जा, असे चिठ्ठीवर लिहून दिले आहे. चौथा दिवस उद्या आहे. तो गेला की नाही, ते इथेच कळवतो.