चर्चा: प्लेयरच्या आवाजाला कायद्याचा लगाम हवाच कशाला?

मंद्रसप्तक
परवा रात्री जेवणं आटोपल्यावर दिवा मालवून दरबारी लावला. कुणाच्या तरी दिवाणखान्यातली जुनी मैफल, टेपवरून उतरवलेली. आवाज शेवटच्या रेघेपर्यंत नेला, तरी बुवा शेजारच्या बिऱ्हाडात गातायत असंच वाटत होतं. खर्जातला सा तर नुसता अंदाजानेच ऐकायचा. हा खिशातला म्युझिक प्लेयर इथे स्टुटगार्टमध्ये घेतलेला. भावाने हेच मॉडेल न्यू जर्सीत घेतलंय. तो दिवाळीत आला तेव्हा माझेच हेडफोन त्याच्या प्लेयरला लावून बघितले. तंबोऱ्याच्या चारही तारा सुट्या!

मग खोदकाम केलं. फ्रान्सने १९९६ मध्ये कायदा करून अशा प्लेयरना १०० डेसिबलची मर्यादा घातली. २००२ मध्ये आयपॉडसुद्धा तिथल्या दुकानांतून मागे घ्यावा लागला आणि आवाज उतरवणारं सॉफ्टवेअर घालून परत आला. पुढे युरोपभर मानक झालं: सोबत मिळणाऱ्या इअरफोनवर १०० डेसिबल, नुसत्या सॉकेटवर १५० मिलिव्होल्ट. २०१३ पासून आणखी एक शेपूट. ८५ च्या वर गेलात की इशारा, आणि तो मान्य करून वर ठेवलंत तरी २० तास ऐकून झाले की पुन्हा तोच. फोन गाडीच्या ऑक्सला जोडला तरी इशारा येतो. पलीकडे कान आहे की स्पीकर, हे त्या बिचाऱ्याला कसं कळणार?

माझा मुद्दा असा. ही मोजणी गोंगाटासारखा एक ठरावीक सिग्नल वाजवून होते. हल्लीची ठासून भरलेली गाणी त्या मर्यादेला जाऊन टेकतात, आणि जुना आलाप तिच्या खाली १५-२० डेसिबल कुठेतरी रांगत असतो. ज्याला आवरायचं तो मजेत, शिक्षा मात्र ख्याल ऐकणाऱ्याला. सेहेचाळीस वर्षांचा घोडा झालोय मी, कान माझे आहेत. दुकानातून मर्यादा लावूनच द्या, हरकत नाही, पण ती काढायची किल्ली सज्ञान माणसाच्या हातात असावी. तुमचं काय मत?

हार्बर_स्लो
साफ असहमत.

माझ्या हातात होती ती किल्ली. मामेभावाने पॅरिसहून प्लेयर आणला होता आणि मर्यादा उडवणारा छोटा प्रोग्रॅम तेव्हा नेटवर सहज मिळायचा. पनवेल ते सीएसटी, जाऊन-येऊन अडीच तास, दारात उभा. गाडीच्या खडखडाटावर मात करायची म्हणून आवाज वर, कुर्ल्याला गर्दी वाढली की आणखी वर. सहा वर्षं. दुखलं नाही, खुपलं नाही, सगळं झकास.

मग एका पावसाळ्यात गुहागरला गेलो होतो. रात्री पडवीत बसलो असताना सहज म्हटलं, यंदा रातकिडे नाहीत वाटतं. भाची हसायला लागली. तिला वाटलं मामा चेष्टा करतोय. बाहेर नुसता कल्ला चालू होता म्हणे. ऑडिओग्राममध्ये, म्हणजे कान तपासून काढलेल्या आलेखात, ४००० हर्ट्झच्या उंच सुरांना खड्डा निघाला, दोन्ही कानांना. आता बँकेत 'साठ' म्हटलेलं 'आठ' ऐकू येतं, कारण 'स' त्याच पट्टीत राहतो. आणि रात्री अंथरुणावर पडलं की कानात किणकिण. बाहेरचे रातकिडे बंद झाले, आतले अखंड चालू आहेत.

'कान माझे' असं मीही म्हणायचो.

ओहम_शांती
दोघांच्याही भावना बाजूला ठेवून जरा आकडेमोड करू.

मंद्रसप्तक, तुमचे हेडफोन ३०० ओहमचे (ओहम म्हणजे विजेला होणारा अडथळा), १ मिलिवॅटला ९७ डेसिबल देणारे आहेत असं धरू. त्यांना १ मिलिवॅटसाठी साधारण ०.५५ व्होल्ट लागतात. १५० मिलिव्होल्ट म्हणजे ११ डेसिबल कमी, म्हणजे हाती आले ८६. आता कानात खुपसायचे १६ ओहमचे, १ मिलिवॅटला ११० देणारे घ्या. त्यांना ०.१३ व्होल्टही पुष्कळ, म्हणून त्याच सॉकेटवर ते १११ पर्यंत जातील. सॉकेट एक, मर्यादा एक, फरक २५ डेसिबलचा. युरोपच्या मानकात हेडफोननाही अट आहे, पण कुठूनही मागवलेल्या जोडीला ती कोण लावतंय? हार्बरभाऊ, तुमच्यासारख्या पोराला हा नियम वाचवेलच याची काही खात्री नाही.

दर्जाचं म्हणाल तर घरच्या अँप्लिफायरला जोडताना खरा फटका बसतो. सीडी प्लेयर २ व्होल्ट देतो, हा १५० मिलिव्होल्ट, म्हणजे २२ डेसिबल कमी. तेवढं भरून काढायला अँप्लिफायर पिळला की त्याची सळसळ आणि घूं-घूंही वर येते.

ठाण्याची_माई
मला तुमचे ओहम कळत नाहीत. मुलाला आवाज मर्यादित करणारा लहान मुलांचा हेडफोन आणला होता. त्यात मर्यादा असते म्हणजे काय, तर वायरीत रेझिस्टर. वायर काढता येणारी होती. आठवड्याभरात साहेबांनी बाबांची वायर लावली. तेव्हा किल्ली कुणाकडे वगैरे वाद घालत बसा, घरात किल्ली नेहमी सगळ्यात धाकट्याकडेच असते.

लॅमिंग्टन_रिटर्न
तंबोऱ्याच्या सुट्या तारांबद्दल शंका आहे. तीन वर्षं दुकानात काउंटरला उभा होतो, म्हणून बोलतो. गिऱ्हाइकाला महागडा सेट खपवायचा तर तो स्वस्तापेक्षा थोडा मोठ्याने वाजवायचा. एखाद-दोन डेसिबल पुरतात. आवाज वाढलाय हे गिऱ्हाइकाला कळतही नाही, तो म्हणतो 'याचा साउंड क्लियर आहे'. तुम्ही भावाच्या प्लेयरचा आवाज तुमच्याएवढा उतरवून ऐकलंत का? नसेल तर ती दर्जाची तुलना नव्हे, काउंटरवरची ट्रिक आहे, फक्त तुम्ही ती स्वतःवरच केलीत.

मंद्रसप्तक
@लॅमिंग्टन: नाही उतरवला. कबूल.

पण पूर्ण कबूल नाही. हळू आवाजात कानाला खर्ज कमी ऐकू येतो. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्येच हे मोजून ठेवलंय, आणि जुन्या अँप्लिफायरवर 'लाउडनेस'चं बटण असायचं ते याचसाठी. तेव्हा आवाज गेला की बायाँचा घुमारा आणि खर्ज आधी जातो. माझ्यापुरता तो दर्जाच गेला की! यंत्रात कमी आहे का कानात, याने ऐकणाऱ्याला काय फरक पडतो?

@ओहम_शांती: म्हणजे १११ वाला सुटला आणि ८६ वाला अडकला. मी वेगळं काय म्हणत होतो?

@हार्बर: वाईट वाटलं वाचून. पण तुम्ही ऐकत होता लोकलच्या दारात. मी ऐकतो बंद खोलीत, रात्री अकराला.

हार्बर_स्लो
कायदा खोली बघून करता येत नाही, साहेब. जागतिक आरोग्य संघटना आणि आयटीयू (आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटना) यांचं मानक बघा. मोठ्यांना आठवड्याला ८० डेसिबलवर ४० तास, लहानांना ७५ वर तेवढेच. दर ३ डेसिबलला वेळ निम्मा. ८९ वर ५ तास, ९५ वर सव्वा तास, १०१ वर १९ मिनिटं, तीही आठवड्याची! मी दोन स्टेशनांतच आठवड्याचा कोटा संपवत होतो. हे गणित तेव्हा पडद्यावर दिसलं असतं तर कदाचित थांबलो असतो. कदाचित नसतोही.

ओहम_शांती
हा हिशोब मला मर्यादेपेक्षा शहाणा वाटतो. एका ठरावीक रेघेवर अडवण्यापेक्षा आठवड्याभराचा डोस मोजायचा. मग दरबारीवाल्यालाही जागा मिळते आणि लोकलवाल्याची पावतीही फाटते. आणि लोकलमध्ये खरं औषध म्हणजे कान नीट बंद करणारे इअरफोन. बाहेरचा खडखडाट आत आला नाही तर आवाज चढवायची पाळीच येत नाही. फक्त रूळ ओलांडताना ते काढा, एवढं सांगून ठेवतो.

मंद्रसप्तक, तुम्ही नियमाशी भांडण्याआधी फाइल उघडून बघा. टेपवरून उतरवताना लोक घाबरून पातळी फार खाली ठेवतात. सर्वांत मोठी सम कुठे पोचतेय ते बघा, वर जागा उरली असेल तर सगळी फाइल तेवढी वर उचला. प्लेयरला हात लावावा लागणार नाही.

ठाण्याची_माई
हे मलासुद्धा कळलं.

मंद्रसप्तक
बघितलं. अख्ख्या मैफलीत सर्वांत मोठा आवाज तबलजीच्या एका थापेचा, आणि तोही छतापासून, म्हणजे फाइलमध्ये मावेल त्या कमाल पातळीपासून, ११ डेसिबल खाली. १० ने उचलली.

आता लॅमिंग्टनचा नियम पाळून भावाचा प्लेयर आणि माझा सारख्या आवाजावर लावायला हवेत. पण तो प्लेयर गेला परत न्यू जर्सीला, तेव्हा ते राहिलं. खर्ज आला. तंबोरा आला. दुसऱ्या रांगेत कुणीतरी बुवांच्या प्रत्येक समेनंतर न चुकता खोकतंय, तेही इतक्या वर्षांनी पहिल्यांदाच ऐकलं. किल्लीबद्दलचं मत बदललेलं नाही.

हार्बर_स्लो
नका बदलू. ऑडिओग्राम मात्र एकदा काढून घ्या.