परदेशी संशोधकांनी आमच्या मलब्यात काय शोधावं?

रामबागवाला
आमचा इंदुरातल्या रामबागेतला वाडा गेल्या उन्हाळ्यात पाडला. वाटणीत सहा हिस्से, सहाही जणांना पार्किंगसकट फ्लॅट हवा, तेव्हा त्याचं रडगाणं नको. सांगायचंय ते पाडकामाचं. सागवानी तुळया आणि दारं कबाड्यानं पहिल्याच दिवशी उचलली. विटा चुन्यात बांधलेल्या. एक मजूर बाई ढिगाशी बसायची, हातोडीच्या दोन टिचक्यांत चुना झाडायची आणि अख्खी वीट बाजूला ठेवायची. मागची न्हाणी मात्र नंतर सिमेंटमध्ये बांधलेली. तिथे तिनं तीन विटा फोडून पाहिल्या आणि म्हणाली, "ये नहीं निकलेगी साब." सांधा शाबूत, वीट फुटलेली.

माझी भाची हॉलंडात याच विषयात शिकते. तिनं सांगितलं, कोपनहेगनच्या 'रिसोर्स रोज' नावाच्या वसाहतीत हीच अडचण आली होती. कार्ल्सबर्गच्या जुन्या ब्रुअरीच्या भिंती सिमेंटातल्या, विटा सुट्या होईनात. मग त्यांनी भिंतीचे मीटर-मीटरचे चौकोन कापले आणि ते तसेच नव्या इमारतीला बसवले. म्हणजे तिथे सिमेंटामुळे यंत्रानं कापावं लागलं, आणि इथे चुन्यातली वीट न् वीट एक बाई हातोडीनं सोडवत होती. पण तिचे कष्ट ना कुणाच्या वहीत, ना कुणाच्या शोधनिबंधात.

कमी कार्बनचं, चक्रीय (जुनंच सामान परत परत वापरणारं) बांधकाम म्हणून देशोदेशीचे लोक मिळून जे संशोधन करतात, त्यात आपलं नाव निघतं ते बहुधा नव्या सिमेंटच्या बाबतीत. जुन्या विटेची, जुन्या तुळईची पारख कशी करायची हे कोण लिहून देणार? माझं मत: पैसा आधी तिकडे जावा. विरोध असेल तर खुशाल लिहा.

कॉलम-बीम
काका, विरोध आहे. इंदुरात पाडलं किती जातं आणि बांधलं किती जातं, हे सुपर कॉरिडॉरच्या नव्या वस्तीला एक चक्कर मारली की कळतं. जुन्या वाड्यांच्या विटा त्या बांधकामात मीठ-मिरचीलाही पुरणार नाहीत.

खरा कार्बन सिमेंटात आहे. जगातल्या कार्बन डायऑक्साइडपैकी ७ ते ८ टक्के एकट्या सिमेंटचा. क्लिंकरची, म्हणजे चुनखडी भाजून सिमेंटचा मूळ माल करायची भट्टी १४५० अंशांवर चालते, पण निम्म्याहून जास्त वायू इंधनाचा नसतोच, तो चुनखडीतूनच निघतो. भट्टी सौर ऊर्जेवर चालवली तरी तो निघणारच. म्हणून क्लिंकरच कमी करायचा. एलसी-३ सिमेंटात क्लिंकर ५० टक्के, भाजलेली चिकणमाती ३०, चुनखडीची पूड १५ आणि जिप्सम ५. ती माती ७०० ते ८५० अंशांवर भाजली की झालं. कार्बन ३० ते ४० टक्क्यांनी उतरतो.

आणि हे झालं कसं? स्वित्झर्लंडचं लोझान, क्युबातलं सांता क्लाराचं विद्यापीठ आणि आपल्या दिल्ली, मुंबई, मद्रासच्या आयआयटी. क्युबात सिमेंटची चणचण, लोझानकडे प्रयोगशाळा, आपल्याकडे कारखाने. एकट्यादुकट्यानं हे जमलं नसतं. २०२३ मध्ये त्याचं भारतीय मानकही आलं, आयएस १८१८९. तुमच्या विटांसाठी असं काही आहे?

रामबागवाला
नाही. म्हणून तर ओरडतोय!

रामबागवाल्यांची_भाची
मामानं मला ओढलंच आहे तर बोलते. कॉलम-बीम दादा, तुमचे आकडे बरोबर आहेत. पण एलसी-३ ला हवी ती केओलिन (चिनी माती) असलेली माती, म्हणजे तिच्यात केओलिनाइट हे खनिज साधारण ४० टक्क्यांच्या वर. आपल्या माळव्याची काळी माती मॉन्टमोरिलोनाइट या दुसऱ्याच खनिजाची. पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, घरांच्या पायांना त्रास देते ती हीच. ती भाजून तुम्हाला हवं ते सिमेंट मिळणार नाही. म्हणजे माती कच्छ-राजस्थानकडून आणायची, नाहीतर तयार सिमेंट दुरून ट्रकनं मागवायचं. लोझानमध्ये सिद्ध झालं म्हणून देवासच्या रस्त्यावर लगेच लागू होत नाही.

दुसरं म्हणजे, कमी कार्बन आणि चक्रीय या दोन गोष्टी आपण एका श्वासात म्हणतो, पण त्या सवती आहेत. कनाडियाकडचा लाइट हाउस हा सरकारी घरांचा प्रकल्प आठवा. २०२१ च्या १ जानेवारीला पायाभरणी, १०२४ घरं. भिंती सँडविच पॅनेलच्या: बाहेर फायबर-सिमेंटचे बोर्ड, आत थर्माकोलच्या दाण्यांचं हलकं काँक्रीट. झटपट उभं राहतं, वजन कमी, उन्हाला आडही. पण पन्नास वर्षांनी ते पाडताना सिमेंटातून थर्माकोलचे दाणे वेचायला कुणाला बसवणार? मामाच्या त्या बाईला?

कॉलम-बीम
पॅनेलचं मान्य. पण त्याच इमारतीचा सांगाडा पोलादी आहे हे का सोडलंस? बोल्ट काढून सोडवता येतो, नाहीतर वितळवता येतो. आमच्या आरसीसीचं, म्हणजे सळ्या घातलेल्या काँक्रीटचं तसं नाही. आणि काळ्या मातीवरून टोमणा मारलास, तर मग त्यावरच संशोधन व्हायला हवं ना? म्हणजे शेवटी माझ्याच बाजूला आलीस.

ठेकेदार_पुत्र
तुम्ही दोघं खूप शिकलेले. मी साइटवर असतो.

युरोपात 'बीएएमबी' म्हणून २०१५ ते २०१९ असा एक प्रकल्प झाला, इमारतीतल्या प्रत्येक वस्तूचा पासपोर्ट करायचा म्हणून. एका सेमिनारला ऐकलं. चहा बरा होता. पासपोर्ट! इथे मंजूर नकाशा आणि बांधलेलं घर एकमेकांना ओळखत नाहीत, वस्तूंचं काय घेऊन बसलात.

मानक आलं की सगळं होतं हेही खोटं. आयएस ३८३ मध्ये २०१६ पासून लिहिलंय की तोडलेल्या काँक्रीटची गिट्टी आरसीसीत २० टक्क्यांपर्यंत चालते, एम-२५ ताकदीच्या काँक्रीटपर्यंत. साध्या काँक्रीटमध्ये २५ टक्के. मी दोन आरएमसीवाल्यांना, म्हणजे तयार काँक्रीट विकणाऱ्यांना विचारलं. एक म्हणाला ठेवत नाही, दुसरा म्हणाला लेखी द्या. शेवटी देवगुराडियाला मलब्याचे पेव्हर ब्लॉक बनतात तेच घ्यायचे आणि खूश राहायचं.

अडचण गिऱ्हाइकाचीही आहे. एका बंगल्याच्या कंपाउंडला मी जुन्या विटा लावल्या, एक नंबर पक्क्या. मालकाचे वडील आले, म्हणाले दुसऱ्याच्या पडक्या घराच्या विटा आमच्या दाराशी नकोत. अर्धी भिंत उतरवली. त्यांना आता कुठल्या आयआयटीचा कागद दाखवू?

राजेंद्रनगरची_मावशी
अपशकुन वगैरे आताचं खूळ. माझ्या माहेरच्या घराच्या तुळया आजोबांनी दुसऱ्या पडक्या वाड्यातून आणल्या होत्या, खाचा तशाच दिसायच्या. आणि राजवाडाच बघा. खाली दगड, वर लाकूड. १९८४ मध्ये जळाला, तर मागचा भाग पुढे जुन्या रीतीनं चुना-विटांतच परत उभा केला. आपल्यासमोर झालंय हे. तिथे कुणी म्हटलं का जुनी रीत नको?

कॉलम-बीम
मावशी, राजवाड्याला हौस आणि पैसा दोन्ही होतं. सामान्य माणसाच्या तीन मजल्यांवर सही करताना मला झोप लागली पाहिजे. एकाच वाड्यातल्या विटा एकसारख्या नसतात. आतल्या भिंतीच्या वेगळ्या, ओल लागलेल्या जोत्याच्या वेगळ्या. भट्टीत मध्यावर होती की कडेला, त्यानंही फरक पडतो. नव्या विटांच्या ट्रकमध्ये निदान एका भट्टीचा माल असतो.

रामबागवाला
कबूल. म्हणूनच मी घरी एक उद्योग केला. पाच विटा मे महिन्याच्या उन्हात गच्चीवर आठवडाभर ठेवल्या, किराणावाल्याच्या काट्यावर तोलल्या. मग चोवीस तास बादलीत बुडवल्या, फडक्यानं पुसून परत तोलल्या. एक वीट ३ किलो १०० ग्रॅमची ३ किलो ५०० ग्रॅम झाली. म्हणजे १३ टक्के पाणी प्यायली. आयएस १०७७ मध्ये साध्या विटेला २० टक्क्यांची मुभा आहे. बाकीच्या चारही आतच. सौ.नं विचारलं, आता लोणच्याच्या बरण्यांऐवजी गच्चीवर विटा वाळवणार का?

कॉलम-बीम
प्रयोग आवडला, निकाल नाही. उन्हात वाळवलं म्हणजे कोरडं नव्हे. १०५ ते ११५ अंशांच्या ओव्हनमध्ये वजन स्थिर होईपर्यंत ठेवायचं. तुमच्या विटेत ओल आधीच असणार, त्यामुळे तुमचे १३ खरे थोडे जास्तच भरतील. आणि दाबाची चाचणी कुठे आहे? पाणी कमी पिते म्हणून वीट मजबूत, असं नसतं.

रामबागवाल्यांची_भाची
मग तेच तर मामा म्हणतोय. डेन्मार्कमध्ये चुन्यातून सोडवलेल्या जुन्या विटा साफ करून, तपासून, सीई मार्क (युरोपातल्या मालावरची खूण) लावून विकतात. तिथे गिऱ्हाईक वास्तुशास्त्र विचारत नाही, मार्क विचारतं. त्यांच्याकडून शिकायचं ते यंत्र नाही, ढीग कसा निवडायचा, कितीतून किती विटा तपासायच्या, हे. आणि आपल्याकडून त्यांनी शिकायचं, त्या बाईच्या हातोडीचा कोन. देवाणघेवाण म्हणतात ती ही.

ठेकेदार_पुत्र
हातोडीच्या कोनावर पीएचडी निघाली तर बाईला सहलेखक करा. नाहीतर तिला दर विटेमागे काय मिळालं ते तरी लिहा. काका?

रामबागवाला
विचारलं नाही. ठेकेदारानं दिवसाच्या मजुरीवर ठेवली होती. चूक माझी.

कॉलम-बीम
काका, मत बदललेलं नाही, सिमेंट आधी. पण पाच विटा पाठवा. ओळखीच्या लॅबमध्ये ओव्हन आणि दाबयंत्र दोन्ही आहेत, फी माझी.

रामबागवाला
पाच नाही, दहा आणतो. पाच माजघराच्या भिंतीतल्या, पाच जोत्याजवळच्या. वेगळ्या पोत्यांत, चिठ्ठ्या लावून.