डीएमने गोष्ट आधीच ठरवून यावी का? (माझं मत: अजिबात नाही)

फुटका_फासा:
परवा स्वतःच्याच टेबलावर माती खाल्ली म्हणून लिहितोय. आम्ही पाच जण दर दुसऱ्या शनिवारी डी अँड डी (डंजन्स अँड ड्रॅगन्स, पात्रं घेऊन फाशांवर खेळायचा गोष्टीचा खेळ) खेळतो, पाचवी आवृत्ती, डीएम (डंजन मास्टर, म्हणजे जग आणि बाकीची पात्रं चालवणारा) मी. तीन महिने खपून एक जादूगार व्हिलन बनवला होता, तो दहाव्या लेव्हलपर्यंत पुरवायचा असा प्लॅन, आणि या पहिल्या भेटीत त्याने फक्त भाषण ठोकून निघून जायचं होतं. आमचा रोग (rogue, चोरटं पात्र) खेळणारा पोरगा धान्याच्या कोठारामागे लपलेला, तिसरी लेव्हल, भाषण अर्ध्यावर असताना म्हणतो "बाण मारतो". पडले नॅचरल २०, म्हणजे वीस बाजूंच्या फाशावर थेट २०, क्रिटिकल घाव. बाणाचा सहा बाजूंचा एक फासा, स्नीक अटॅकचे (लपून केलेल्या घावाचे) तसेच दोन, क्रिटिकलमुळे दुप्पट म्हणजे सहा फासे, बेरीज २२ आणि वर ३. जादूगाराचे हिट पॉइंट (किती मार सोसेल तो आकडा) २२.

टेबलावर आरडाओरडा, आणि मी काय म्हणालो तर "तो धूर होऊन नाहीसा होतो". पोरगा म्हणाला, "कुठल्या स्पेलने (मंत्राने)? त्याची पाळी तर आलीच नव्हती." मी म्हटलं "आहे त्याच्याकडे काहीतरी". त्यानंतर दोन तास तो पाळी आली की "हाणतो" एवढंच म्हणून फासा टाकत होता, बाकी वेळ मोबाइल.

तेव्हापासून डोक्यात हेच चाललंय की डीएमने परिस्थिती तयार करावी, कोणाला काय हवंय ते ठरवावं, पण पुढे काय होणार हे लिहूच नये. लिहिलं की ते वाचवायचा मोह होतोच.

मावळतीची_चेटकीण:
साफ नामंजूर. गोष्ट नको म्हणणाऱ्या एका डीएमकडे मी चार महिने काढलेत. "जग मोकळं आहे, काय करायचं ते करा" म्हणे. काय केलं आम्ही? एक अख्खा सेशन सराईत बसून खेचराच्या भावावरून घासाघीस. सगळे सभ्य, जो तो दुसऱ्याची वाट बघतोय, शेवटी दोघांनी यायचं सोडलं. दिवसभर ऑफिसात डोकं लावून आलेल्या माणसाला कोणीतरी "चला, राजाची पोरगी पळवलीये" म्हणून हात धरून न्यावं असं वाटलं तर त्यात लाज कसली? शिवाय कॉल ऑफ कथुलू हा भयकथांचा, तपासाचा खेळ घे, १९८१ पासून चालू आहे, त्यात खून कोणी केला हे आधी ठरवलं नाही तर खेळणार काय, कपाळ?

फुटका_फासा:
खून कोणी केला ही झालेली गोष्ट, ती मी ठरवणारच ना. तो पकडला जाईल का, तळघरात की गच्चीवर, हे पुढचं, आणि ते माझं नाही. या खेळांवर लिहिणाऱ्या जस्टिन अलेक्झांडरचा तीन धाग्यांचा नियम आहे ना, प्लेयरनी जो निष्कर्ष काढावा असं तुम्हाला वाटतं त्याला किमान तीन पुरावे पेरून ठेवा, कारण एक ते बघणारच नाहीत, दुसरा बघून सोडून देतील. त्यात कुठेही "मग ते इकडे जातील" असं नाही.

जुनं_पान:
थोडा इतिहास, कारण तुमचं भांडण जुनं आहे. १९७४ साली गायगॅक्स आणि आर्नेसनचा डी अँड डी आला तो वॉरगेमच्या (युद्धाच्या खेळांच्या) पोटातून. प्लॉट वगैरे भानगड नाही, तळघरात उतरा आणि जिवंत वर या. एक्सपीही (अनुभवाचे गुण, ज्यांवर लेव्हल वाढते) मुख्यतः आणलेल्या सोन्यावर मिळायचे, राक्षस मारून त्यामानाने कमी, म्हणजे चोरून पळणारा शहाणा. कोणी मेला तर नव्या पात्राचा कागद घ्यायचा. मग ८० च्या दशकात ट्रेसी आणि लॉरा हिकमन ही लेखक मंडळी आली, १९८३ ला रेव्हनलॉफ्ट हे छापील साहस, १९८४ पासून ड्रॅगनलान्सची मालिका, आणि तिथे महाकथा शिरली. ड्रॅगनलान्समध्ये तर छापील सल्लाच होता की नाव असलेलं महत्त्वाचं पात्र मेलं तर शक्यतो मृत्यू संदिग्ध ठेवा, प्रेत सापडू देऊ नका, म्हणजे पुढे परत आणता येईल. तर फुटक्या, तुझा धूर चाळीस वर्षं जुना आहे, उगाच स्वतःला गुन्हेगार समजू नकोस.

कुडाळकर_गोब्लिन:
आमच्याकडे दशावतार बघा कधीतरी. आख्यान ठरलेलं, राक्षस शेवटी मरणार हे पुढे बसलेल्या पोरालाही माहीत, पण संवाद लिहिलेले नसतात, रंगमंचावर उभ्या उभ्या सुचतील तसे. कसलेला नट एकेका प्रवेशात अशी जुगलबंदी लावतो की रात्र सरते. कोणी उठून म्हणतं का की शेवट ठरलाय मग मजा काय? शेवट ठरलेला असला तरी खेळ जिवंत राहतो. मजा कशी पोचलो त्यात आहे.

फुटका_फासा:
उदाहरण झकास, पण नीट बघ. तिथे आख्यान *नटांनाही* माहीत असतं. राक्षस झालेल्याला ठाऊक असतं आपण पहाटे मरणार, म्हणून तो निवांत रंगवतो. माझ्या टेबलावर आख्यान फक्त मला माहीत होतं आणि तो पोरगा खरोखर मारायला निघाला होता. त्याला सांगितलं असतं की हा आज मरणार नाही, तर त्याने बाण मुद्दाम कानाजवळून घालवला असता आणि वर एखादा डायलॉग मारला असता.

मावळतीची_चेटकीण:
मग हेच तर म्हणतेय मी! गोष्ट वाईट नाहीये, लपवलेली गोष्ट वाईट. पहिल्या दिवशी सांगून टाक, मला एक कथा चालवायची आहे, कोण कोण येतंय. मी येईन.

सरासरी_साडेदहा:
एक बारीक मुद्दा. सहा फाशांची सरासरी २१ येते, वर ३ म्हणजे २४. म्हणजे क्रिटिकल पडलं की २२ हिट पॉइंटचा माणूस बहुतेक वेळा मरणारच. तू चमत्कार झाल्यासारखं सांगतोयस पण हिट पॉइंट लिहिलेस तिथेच तू त्याला मरायची परवानगी दिलीस. मरू द्यायचं नव्हतं तर बाणाच्या टप्प्यात उभा का केलास, पत्र पाठवायचंस. मी २० पडल्यावर निकाल बदलणाऱ्या डीएमकडे परत बसत नाही, बाकी प्लॉट कितीही असो.

फुटका_फासा:
हे लागलं. बरोबर आहे.

अपडेट: काल रात्री त्या पोराला मेसेज केला की धूर रद्द, तो कोठारासमोर मरून पडलाय, चूक माझी. दहा मिनिटं ब्लू टिक. मग उत्तर आलं: "खिशात काय होतं?"

दोन पानं लिहून झालीयेत.