उन्हाळ्यात पिशवीची चकती सुटते त्याबद्दल

ताई, परभणीच्या उन्हात घामानं वडिलांच्या कोलोस्टोमी पिशवीची (पोटावर काढलेल्या आतड्याच्या तोंडातून येणारा मळ गोळा करणारी पिशवी) चकती, म्हणजे कातडीला चिकटणारा भाग, सुटते, कडेनं गळते, असं तुम्ही लिहिलंय. घामाआधी चकतीला कापलेल्या भोकाचं माप बघा. ऑपरेशननंतर ६-८ आठवडे स्टोमा, म्हणजे पोटावर काढलेलं आतड्याचं तोंड, आकसत जातो. जुन्याच मापानं कापत राहिलं की उघड्या कातडीवर मळ लागून ती सोलते, आणि सोललेल्या ओल्या कातडीवर चकती धरतच नाही. भोक स्टोमापेक्षा २-३ मिलिमीटरच मोठं ठेवा. कातडीला खोबरेल तेल बिलकुल नको. नुसत्या कोमट पाण्यानं पुसा, टिपून कोरडं करा. चकती हातात धरून जरा गरम करा, लावल्यावर मिनिटभर तळहातानं दाबून ठेवा. पोटाला घडी पडते तिथं स्टोमा पेस्ट भरा. पिशवी एक तृतीयांश भरली की लगेच रिकामी करा, वजनानंही चकती ओढली जाते. नव्या पिशव्या पत्र्याच्या खोलीत ठेवू नका. कातडी लालच राहिली तर डॉक्टरांना दाखवाच, अंगावर काढू नका.