ऑगस्टमध्ये झायन, पेज आणि ग्रँड कॅन्यन: भाऊ सांदणवाला, बाबांचे गुडघे. सल्ला हवा

ताम्हण
नमस्कार मंडळी. आम्ही सॅन होजेला असतो. ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात पुण्याहून आई-बाबा आणि धाकटा भाऊ येताहेत. पाच दिवस काढलेत. लास वेगसला उतरून गाडी घ्यायची, मग युटातलं झायन नॅशनल पार्क, ॲरिझोनातल्या पेज गावाजवळची अँटिलोप कॅन्यन ही अरुंद घळ, ग्रँड कॅन्यन आणि परत वेगस. बाबा 67 वर्षांचे, चालायची हौस दांडगी, पण गुडघे कुरकुरतात.

खरी अडचण भावाची आहे. झायनमधली 'सबवे' नावाची घळ दोराने वरून खाली उतरत करायची, असं त्याने ठरवूनच टाकलंय. "सह्याद्रीतली सांदणची घळ चार वेळा केलीय, हे काय अवघड?" हार्नेस आणि डिसेंडर (दोरावरून उतरायचं साधन) बॅगेत गेलेसुद्धा. माझा दोराशी संबंध कपडे वाळत घालण्यापुरता. त्याला एकट्याला सोडू का? आणि बाकीच्यांनी तिथे काय करावं?

पायपीट
रुमाल टाकून ठेवतो. आम्हीही ऑक्टोबरात जातोय.

युटाची रखमा
भावाला एकच विचारा: ऑगस्टमध्ये सांदणात उतरशील का? नाही ना? मग इथेही नाही.

वाळवंट म्हटलं की आपल्याला पाऊस आठवतच नाही. पण जुलै ते सप्टेंबर इथेही पावसाळा असतो आणि इथले लोक त्याला मॉन्सूनच म्हणतात. सकाळी आभाळ निळंशार, दुपारी दोननंतर गडगडाट. आपल्यासारखी संततधार नसते, एका डोंगरावर अर्धा तास कोसळतो नि संपतो. पण खाली उघडा कातळ, माती जेमतेम. पाणी मुरत नाही, सगळं घळीत येतं. घळ कुठे कुठे हात पसरले तर दोन्ही भिंतींना टेकतील इतकी अरुंद.

तुमच्या डोक्यावर काय आहे याला महत्त्व नाही, वरच्या अंगाला काय चाललंय याला आहे. 12 ऑगस्ट 1997 ला अँटिलोपच्या खालच्या भागात, लोअर अँटिलोपमध्ये, 11 पर्यटक वाहून गेले, तेव्हा पाऊस कित्येक मैल लांब पडत होता. झायनच्या कीहोल कॅन्यनमध्ये 14 सप्टेंबर 2015 ला सात जणांचा पुरात जीव गेला. परवाना रीतसर होता. परवाना देणारा पुराची जबाबदारी घेत नाही, ती तुमच्यावरच असते.

ताम्हण
बापरे. अँटिलोपचं तिकीट काढून बसलेय मी. रद्द करू?

युटाची रखमा
नको. अँटिलोप नाव्हाहो या मूलनिवासी लोकांच्या जमिनीवर आहे, वाटाड्याशिवाय आत सोडतच नाहीत. हवा बिघडली तर तेच फेरी बंद करतात. 1997 नंतर लोअरमध्ये लाकडी शिड्या जाऊन पक्के लोखंडी जिने आले. तरी जिने आहेतच, बाबांना वरचा भाग, अप्पर अँटिलोप, बरा. तिथे आत बहुतेक सपाट वाळू आहे.

कातळवेडा
रखमाताईंशी सहमत, पण भावाच्या बाजूनेही दोन शब्द. सबवे मी केलंय, सप्टेंबरअखेरीस. दोराचं काम फारसं नाही, उतार छोटे आहेत. दमवतं ते थंड पाणी. ऊन पोचत नाही अशा डोहांत पोहावं लागतं आणि भर उन्हाळ्यातही वेटसूटशिवाय दात वाजतात. त्यात वाट शोधणं तुमचं तुम्ही.

सांदणात आपण जातो तेव्हा आयोजकाची पोरं आधीच दोर लावून उभी असतात. आपण फक्त क्लिप व्हायचं आणि "दादा, सोडू का?" विचारायचं. इथे अँकर म्हणजे बऱ्याचदा आधीच्या कुणीतरी दगडाला किंवा झाडाला बांधून ठेवलेली पट्टी. ती उन्हाने सडली आहे का, ठेवायची की कापून नवी बांधायची, हे तुम्ही ठरवायचं. एकदा उतरून दोर खाली ओढला की परतीची वाट संपली, पुढे जे येईल ते पार करायचंच.

निघोजचे रांजणखळगे पाहिलेत ना? इथल्या घळींत तसलेच असतात. फरक इतकाच की आपण काठावरून फोटो काढतो, इथे आत पडायचं आणि पलीकडून निघायचं असतं. खळगा काठोकाठ भरला असेल तर पोहून जाता येतं. पाणी उतरलं असेल तर पलीकडचा काठ हाताला लागत नाही, भिंत गुळगुळीत, पाय टेकत नाही. एकाच्या खांद्यावर दुसरा चढून निघतो. एकटा माणूस तिथेच राहतो. सबवेत इतके वाईट नाहीत, पण 'सांदण केलंय' म्हणणाऱ्याने आधी हे शिकावं.

शिवाय सबवेला परवाना सोडतीने मिळतो, खालून वर जायचं असलं तरी. ऑगस्टअखेरची तारीख आता लागेल असं धरू नका.

एकटा तर नाहीच. एप्रिल 2003 मध्ये ब्लूजॉन कॅन्यनमध्ये ॲरन राल्स्टनच्या हातावर दगड सरकून बसला. कुठे जातोय हे त्याने कुणालाच सांगितलं नव्हतं. पाच दिवसांनी स्वतःचा हात कापून सुटला. दोरकामात तो कच्चा नव्हता.

निळं पाकीट
अवांतर, पण घड्याळ सांभाळा. ॲरिझोनात उन्हाळ्यात घड्याळ पुढे नेत नाहीत, युटात नेतात. ॲरिझोनातल्याच नाव्हाहो भागात पुन्हा नेतात. पेजला फोनने भलतीच वेळ दाखवली, अँटिलोपला आम्ही एक तास आधी पोचून उन्हात बसलो. दुसऱ्या दिवशी धडा घेऊन मनगटी घड्याळावर चाललो, तर नाव्हाहो भागातल्या मॉन्युमेंट व्हॅलीला एक तास उशीर. सासरे अजून ऐकवतात.

ताम्हण
भावाला धागा वाचायला दिला. तोंड पाडून बसलाय, पण रांजणखळग्यांचं त्याला पटलं. मग आता त्याने करावं काय? आणि झायनमधलीच नॅरोज ही नदीची घळ तरी ऑगस्टमध्ये चालेल का?

कातळवेडा
झायनच्या हद्दीत कॅन्यनियरिंगला, म्हणजे दोराने घळी उतरायला, व्यावसायिक वाटाडे चालत नाहीत. पण पार्कच्या दाराशी असलेल्या स्प्रिंगडेल गावातल्या संस्था हद्दीबाहेरच्या छोट्या घळींत अर्ध्या दिवसासाठी नेतात. अँकर कसा तपासायचा हे शिकवतात आणि हवेचा निर्णयही तेच घेतात. भावाला तिथे घाला. स्वतःचा हार्नेस आणलाय म्हणून मिरवताही येईल.

युटाची रखमा
नॅरोज म्हणजे नदीतूनच चालायचं. पार्कच्या शटल बसच्या शेवटच्या थांब्यावर, टेंपल ऑफ सिनावावाला, उतरा. तिथून मैलभर फरसबंद वाट नदीकाठाने जाते. आई-बाबांनी तिथवर यावं, काठावर बसावं, डबा उघडावा. तेवढ्यातही भिंती आभाळाला भिडलेल्या दिसतात. पुढे तुम्ही दोघं पाण्यात शिरा. खालून वर, बिग स्प्रिंगपर्यंत परवाना लागत नाही.

आदल्या रात्री नाही, त्याच सकाळी पुराचा अंदाज बघा. 'शक्यता आहे' असं जरी असलं तरी मी जात नाही. लोक जातात, मी नाही. प्रवाह सेकंदाला 150 घनफुटांवर गेला की पार्क स्वतःच बंद करतं. पाण्याचा रंग मातकट झाला, काटक्या वाहून यायला लागल्या की फोटो सोडून उंच जागा गाठायची. सकाळी लवकर शिरून दुपारच्या आत बाहेर.

बूट आणि लाकडी काठी स्प्रिंगडेलला भाड्याने मिळतात. काठी घ्याच, गोटे शेवाळलेले असतात. आणि पाणी तोंडात जाऊ देऊ नका, शेवाळासारखे विषारी जीवाणू आढळतात म्हणून पार्कच बजावतं.

पायपीट
ग्रँड कॅन्यनबद्दल माझं एक. आपल्याला गड आधी चढायची सवय. दमलो की उतरतो. इथे उलटं आहे, दमल्यावर चढायचं. साउथ कैबाब या पायवाटेने खाली उतरताना बाबा सुसाट सुटतील आणि परतताना दुप्पट वेळ लागेल. त्या वाटेवर पाणी नाही. उन्हाळ्यात दहा ते चार उतरूच नका. भावाने उजाडता उजाडता त्याच वाटेवरच्या सीडर रिजपर्यंत जाऊन यावं, जाऊन-येऊन तीन मैल.

नुसतं पाणीही ढोसत राहू नका. घामातून मीठ जातं, वर पाणी ओतत राहिलं की रक्तातलं सोडियम उतरतं, माणूस गोंधळतो, ओकतो. तहान लागली की पाणी आणि त्याबरोबर काहीतरी खारट.

ताम्हण
आईला हे वाचून दाखवलं. लिंबाचं लोणचं आणि भाजणीची चकली बॅगेत आली, हार्नेस एक कप्पा खाली सरकला. स्प्रिंगडेलची अर्ध्या दिवसाची फेरी सकाळची मागितली आहे. बाबा विचारताहेत, नदीकाठच्या त्या फरसबंद वाटेवर बसायला बाक आहेत का?

युटाची रखमा
दगड भरपूर आहेत. घडीची खुर्ची न्या. आणि खारी जवळ येतील, चकली त्यांना देऊ नका. चावतात.