नवा फ्लिप फोन घेतल्यावर काय तपासलं, कुठे बिघडतो? (अनुभव धागा)

संत्रानगरी
कपाट आवरताना मोटोरोलाचा रेझर व्ही३ हाती लागला. २००४ साली आला तेव्हा १३.९ मिलिमीटर जाडी म्हणजे कमाल वाटायची. धातूच्या एकाच पत्र्यावर कोरलेला कीपॅड, खालून निळा उजेड, आणि टोकाशी तो उंचवटा, ज्यात अँटेना असायचा. घरात आता सॅमसंगचा झेड फ्लिप ७ आलाय, मिटल्यावर जाडी १३.७. एकवीस वर्षांनी पुन्हा जवळपास तीच जाडी, पण आत ६.९ इंची पडदा आणि बाहेर ४.१ इंची!

दिसायला देखणा आहे यात वाद नाही. मला पारख करायची आहे ती बिजागरीची, आतल्या पडद्याची आणि आपल्या नागपूरच्या उन्हात-धुळीत तो कसा टिकतो याची. मोटोचा रेझर ६०, ६० अल्ट्रा, जुने फ्लिप ५-६ वापरणाऱ्यांनीही लिहा. नेमकं लिहा, म्हणजे पुढे घेणाऱ्याच्या कामी येईल.

बर्डीचा कारागीर
बिल फाडायच्या आधी काउंटरवरच पाहून घ्यायचं. ब्राइटनेस फुल्ल करा, पांढरं पान उघडा आणि फोन ट्यूबलाइटखाली तिरपा धरा. मधली घडी दिसणारच, तो दोष नाही. नजर ठेवायची घडीच्या दोन्ही टोकांवर, फ्रेमच्या अगदी कडेला. तिथे फिल्मखाली मोहरीएवढा जरी बुडबुडा किंवा पांढुरकी रेघ दिसली तर तो नग घ्यायचा नाही. फिल्म उचलायला सुरुवात तिथूनच होते. मग काळं पान लावा, उभी हिरवी किंवा गुलाबी रेघ येते का पाहा.

सॅमसंग असेल तर डायलरवर *#०*# दाबा, टेस्टचा मेनू उघडतो. त्यात टच घेऊन बोटाने सगळे चौकोन भरा, घडीवरचे खास करून. एकही चौकोन कोरा राहिला तर आतली स्ट्रिप संशयाची. मोटोत नोट्सच्या ॲपमध्ये घडीवरून आडव्या-उभ्या रेघा ओढा, रेघ मध्येच तुटली नाही पाहिजे.

हिंज (बिजागरी): ९० अंशांवर उघडून टेबलावर ठेवा, हात काढा. वरचा भाग तसाच उभा राहायला हवा. आपोआप मिटला किंवा मागे कलला तर पकड ढिली आहे. उघड-मीट करताना कानाशी धरा, करकर ऐकू आली तर दुसरा नग मागा. मिटल्यावर दोन्ही अर्ध्या भागांच्या कडेवरून नख फिरवा, नख अडकलं तर दोन भाग एका रेषेत नाहीत.

आणि एक: कॉल लावून फोन मिटून पाहा. कॉल कट होतो की चालू राहतो, हे कळलेलं बरं.

गोकुळपेठ ताई
वरची फिल्म काढू नका!! दुसऱ्या फोनच्या सवयीने लोक काढतात. ती पॅकिंगची नाही, पडद्याचाच भाग आहे. तिच्या खालची काच केसापेक्षा पातळ असते, म्हणून तर ती वाकते. फिल्म गेली की नखसुद्धा पुरतं. आणि वरून टेम्पर्ड ग्लास अजिबात लावायची नाही. ती वाकत नाही, मिटताना सगळा जोर पडद्यावर येतो.

नवतपा
उन्हाचं मी सांगतो. कंपन्याच ० ते ३५ अंशांत वापरा म्हणतात. आपल्याकडे मे महिन्यात सावलीतच ४५, आणि २३ मे २०१३ ला तर ४७.९ झालं होतं. म्हणजे अडीच-तीन महिने फोन मर्यादेच्या बाहेरच राहतो.

फ्लिपमध्ये बॅटरी एक नसते, दोन तुकडे असतात, वरच्या भागात एक आणि खालच्या भागात एक. प्रोसेसरही वरच्याच भागात, बाहेरच्या पडद्यामागे. त्यामुळे व्हिडिओ कॉल लांबला की वरचा भाग चटके देतो आणि खालचा कोमट असतो. घाबरायचं कारण नाही, पण तेव्हा मिटून खिशात टाकायचा नाही, उघडाच ठेवायचा. मिटला की दोन्ही भागांची उष्णता एकमेकांत अडकते.

गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवणं पूर्ण बंद. दुपारी चार्जिंग आपोआप थांबलं तर चार्जर बिघडलेला नसतो, फोन तापलाय म्हणून त्यानेच थांबवलंय. थंड करायला फ्रिजमध्ये तर बिलकुल नको, बाहेर काढल्यावर आत दमट बाष्प धरतं. पंख्याखाली उघडा ठेवा, बस.

कूलरवाली
@नवतपा पंख्याखाली ठीक, पण कूलरसमोर ठेवू नका. खसच्या ताट्यांतून बारीक तुषार येतात आणि चार्जिंगच्या भोकात ओल धरते. मग पाण्याच्या थेंबाचं चिन्ह येतं आणि चार्जिंग होतच नाही. तेव्हा केबल काढा, फोन भोक खाली करून कोरड्या हवेत ठेवा. भोकात कापूस, काडी, फुंकर काहीच नको. घाई असेल तर वायरलेस पॅडवर ठेवा, फ्लिप ७ आणि रेझर ६० दोन्हींत सोय आहे.

महालचा भाचा
काऊन इतकी चिंता करून राहिले सगळे? आयपी४८ आहे ना, वॉटरप्रूफ!

बर्डीचा कारागीर
@महालचा भाचा भाऊ, तो आकडा नीट वाच. ८ पाण्याचा: गोड्या पाण्यात दीड मीटर खोल, अर्धा तास. ४ धुळीचा: एक मिलिमीटरहून जाड कण आत जात नाही, एवढंच. आपली धूळ, सिमेंट, चक्कीतलं पीठ, गुलाल हे सगळं त्याहून बारीक. आणि मोटोचा रेझर ५० अल्ट्रा आयपीएक्स८ होता, तिथे 'एक्स' म्हणजे धुळीची हमीच नाही.

म्हणून धुळवडीला हा फोन घरी. बांधकामाच्या साइटवर रोज उभं राहायचं असेल तर हा फोन घेऊच नये, माझं स्पष्ट मत आहे.

साफ करायचा तर अर्धा उघडा, घडी खाली येईल असा तिरपा धरा आणि मऊ ब्रशने (चेहऱ्याचा नवा मेकअप ब्रश चांगला) मधून कडेकडे झाडा. ब्लोअर नाही, कॉम्प्रेसरची हवा तर नाहीच. हवा मारली की कण हिंजच्या दात्यांत जाऊन बसतो. मग पंधरा दिवसांनी करकर, आणि नंतर तोच कण आतून पडद्याला फोड आणतो. गिऱ्हाईक म्हणतं फोन पडला नाही, आपटला नाही. खरंच नसतो पडला.

तर्री पोहा
तर्री खाऊन त्याच बोटांनी आतला पडदा चालवणाऱ्यांसाठी 😀 फिल्म मऊ असते, तेलकट डाग काचेपेक्षा जास्त दिसतो. चष्म्याचं कोरडं मायक्रोफायबर कापड पुरतं. सॅनिटायझर, काच पुसायचा स्प्रे नको, वरचा लेप जातो.

दुसरी गोष्ट, ठेल्यावर पैसे देताना. बाहेरच्या पडद्यावर यूपीआय उघडून क्यूआर स्कॅन करू असं वाटतं. पण बाहेरचा पडदा आणि मोठे कॅमेरे एकाच बाजूला! क्यूआरकडे कॅमेरा केला की पडदाही तिकडेच जातो, आपल्याला काही दिसत नाही. फोन उघडावाच लागतो. हीच रचना सेल्फीला मात्र सोन्यासारखी, ५० मेगापिक्सेलच्या मुख्य कॅमेऱ्याने फोटो निघतो.

गोकुळपेठ ताई
@तर्री पोहा कोणत्या ठेल्यावरची तर्री? सकाळी सकाळी नाव काढलं तुम्ही 😋

तर्री पोहा
ताई, धाग्याबाहेर सांगतो, नाहीतर इथे फोन राहील बाजूला.

शंकरनगर चौक
बाहेरचा पडदा नुसता घड्याळ बघायला राहू देऊ नका, रोजची अर्धी कामं तिथेच होतात आणि हिंजही कमी झिजते. सॅमसंगमध्ये सेटिंग, ॲडव्हान्स्ड फीचर्स, लॅब्स इथे बाहेर चालणाऱ्या ॲपची यादी मिळते, पण ती तोकडी आहे. सगळी ॲप हवी असतील तर सॅमसंगचंच 'गुड लॉक' ॲप उतरवा, त्यात 'मल्टीस्टार' घ्या, फोल्डेबलच्या भागात जाऊन लाँचर विजेट चालू करा आणि ते विजेट बाहेरच्या पडद्यावर लावा. मोटोत हा खटाटोप नाही, बहुतेक ॲप थेट चालतात. या बाबतीत मोटो सरस.

मराठी टायपिंग बाहेर करायचं असेल तर आधी आतल्या पडद्यावर कीबोर्डची भाषा लावून ठेवा. आणि लांब मजकूर तिथे नका लिहू. कीबोर्ड आला की वाचायला दोन ओळी उरतात.

सदरची मावशी
चार्जर डब्यात येत नाही सॅमसंगच्या. घरातला जुना चालतो का?

शंकरनगर चौक
मावशी, चालतो, पण हळू. फ्लिप ७ ची ४३०० एमएएच बॅटरी जास्तीत जास्त २५ वॉट घेते, तेही चार्जरवर पीडी आणि पीपीएस (जलद चार्जिंगच्या पद्धती) दोन्ही लिहिलेलं असेल तरच. केबल दोन्हीकडे टाइप-सी हवी. रेझर ६० ची ४५०० आणि ३० वॉट, ६० अल्ट्राची ४७०० आणि ६८ वॉट. बॅटरी सेटिंगमध्ये संरक्षण ८० टक्क्यांवर लावा. आपल्या उन्हात १०० टक्के भरून तापत ठेवलेली बॅटरी लवकर फुगते, आणि इथे ती पडद्याला चिकटून असते.

मेट्रोतून
सिमचं कोणी बोललं नाही. फ्लिप ७ मध्ये एक नॅनो सिम, दुसरं ई-सिम (कार्ड नसलेलं, फोनच्या आतलंच). मेमरी कार्डाची जागाच नाही, तेव्हा २५६ जीबी की ५१२ हे घेतानाच ठरवा. दोन नंबर असतील तर एक ई-सिम करावा लागतो. *#०६# दाबल्यावर आयएमईआय (फोनचा ओळख क्रमांक) आणि त्यासोबत ईआयडी (ई-सिमचा क्रमांक) दिसतो, कंपनी तोच मागते. ई-सिम चालू झालं की जुनं कार्ड मेलं.

सिम बदललं की २४ तास एसएमएस बंद असतात, म्हणजे बँकेचा ओटीपीही नाही. नव्या फोनवर यूपीआयची मर्यादाही पहिले २४ तास ५,००० रुपयेच. म्हणून लग्नाची खरेदी, ॲडमिशनची फी, रेल्वेचं रिझर्व्हेशन असेल त्या दिवशी हे काम काढू नका. रविवारी सकाळी करा आणि बँकेचा नंबर शेवटी हलवा.

लिहिता लिहिता स्टेशन आलं, उतरतो.

इतवारी
आमच्या आईले घडीचा फोन पायजे, पण हे लाखाचं काम नाही जमत. साधा आहे का कोणता? मिटला की कॉल कट, एवढंच पायजे तिले.

सदरची मावशी
नोकिया २६६० फ्लिप पाहा ना. २०२२ मध्ये ४,६९९ ला आला होता. आत २.८ इंची पडदा, मोठी बटणं, बाजूला मदतीचं वेगळं बटण. ते बटण आधी सेटिंगमध्ये नंबर भरून चालू करावं लागतं, नाहीतर उपयोग नाही. कानाचं मशीन लावणाऱ्यांसाठी ठीक आहे. ४जी आहे म्हणून जिओचं सिम चालतं. बॅटरी १४५० एमएएच, काढता येते. व्हॉट्सॲप नाही, हे आईंना आधी सांगा.

इतवारी
व्हॉट्सॲप नाही तेच बरं बाप्पा 🙏 तिले त्याचा त्रासच होऊन राहिला होता. पाहतो उद्या.

गोकुळपेठ ताई
घरात कोणाला पेसमेकर असेल तर एक लक्षात ठेवा. घडीच्या महागड्या फोनमध्ये चुंबक असतात. वरच्या खिशात, छातीशी ठेवायचा नाही, १५ सेंटिमीटरहून लांब. पर्सला चुंबकाचं बटण असेल तर तेही टाळा.

आणि फोन मिटताना मध्ये काही ठेवू नका. मेट्रोचं तिकीट, पावती, सिमची पिन, काहीही.

महालचा भाचा
बरं हे सांगा, जुना फ्लिप ५ मिळून राहिला स्वस्तात. घेऊ का? कव्हर लावलेलं आहे, दिसते तं नव्यासारखा.

बर्डीचा कारागीर
आधी कव्हर काढायला लाव. फ्लिपचं कव्हर दोन तुकड्यांचं, वरचा तुकडा दुहेरी चिकटपट्टीवर. उन्हाळ्यात तो निसटतो, मग लोक साध्या गोंदाने चिकटवतात आणि फ्रेमचा रंग जातो. हिंजचा मणका बघ, पोचा असेल तर सोडून दे. फिल्म बदललेली असेल तर कुठे बदलली विचार. सर्व्हिस सेंटरची पावती असेल तर चांगलंच, बाजारातली लोकल फिल्म असेल तर घडीवर धूळ धरते.

पैसे देण्याआधी आयएमईआय तपास. मेसेजमध्ये केवायएम इंग्रजीत लिही, जागा सोडून १५ आकडी आयएमईआय, आणि १४४२२ वर पाठव. संचार साथी ॲपमध्येही होतं. ब्लॅकलिस्टेड किंवा डुप्लिकेट आला तर तिथूनच परत फिर.

आतला पडदा गेला तर फक्त काच बदलत नाही, फ्रेम-हिंजसकट पूर्ण जोड येतो. खर्च ऐकून जुना फोन स्वस्त वाटणार नाही. नवा घेणाऱ्यांनी म्हणूनच विमा घ्यावा, आणि तो खरेदीनंतर ठराविक दिवसांतच मिळतो.

नवतपा
@संत्रानगरी त्या व्ही३ ची पाठ फुगली आहे का पाहा. ६८० एमएएचची बॅटरी इतक्या वर्षांनी बहुधा फुगलेलीच असते. चार्जिंगला लावू नका, टोचू नका, कचरागाडीत टाकू नका, ई-कचरा घेणाऱ्याकडे द्या. चांगली बॅटरी मिळाली तरी २जी आहे, जिओ चालणार नाही. एअरटेल किंवा व्हीआयचं सिम अडॅप्टरमध्ये घालून लागेल.

संत्रानगरी
फुगली आहे, झाकण बसत नाही. काढून वेगळी ठेवली, धन्यवाद. 🙏 नव्या फोनवर *#०*# करून पाहिलं, सगळे चौकोन भरले. बाइकच्या होल्डरमध्ये लावायचा का, हे कोणी सांगेल? घरी रोज विचारणा होते आहे.

बर्डीचा कारागीर
उघडून लावायचा नाही. होल्डरचे पंजे बाजूने दाबतात, तो दाब बरोबर घडीवर येतो, आणि हँडलच्या थरथरीने कॅमेऱ्यातलं स्थिर ठेवणारं यंत्र बिघडतं. मिटलेला मॅप्स लावून ठेवता येतो, पण थरथर तीच. खिशात मिटून ठेवा, ब्लूटूथने हेल्मेटमध्ये आवाज घ्या. आणि जीन्सच्या मागच्या खिशात नको, बसलं की हिंजवर वजन पडतं.